संघमित्राची तक्रार

सन्माननीय अध्यक्ष नंदकुमार सर, व्यासपीठावरील कार्यकारिणी सदस्य कुंदाताई, आजची सत्कारमूर्ती संघमित्रा, आणि दहिसरपासून मुलुंडपर्यंतच्या उपनगरांतून रविवारची दुपार मोडून आलेल्या 'ओसरी'च्या सभासदहो,

प्रथेप्रमाणे सत्कारमूर्तींना 'ताई' म्हणायला हवं. मघाशी तसं म्हणून पाहिलं, तर उत्तर आलं, "ताई म्हणालीस तर मी उठून जाईन हां." तेव्हा संघमित्राच म्हणते. नवी व्यवस्थापक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. थोडे जास्त होतील.

आज घरची मंडळीही आली आहेत, म्हणून आधी 'ओसरी' म्हणजे काय ते सांगते. मोठ्या समाजमाध्यमांना एकच मालक असतो. आपलं तसं नाही. 'ओसरी' हा आपण उपनगरातल्या मराठी माणसांनी वर्गणी काढून चालवलेला सर्व्हर. असे हजारो सर्व्हर जगभर आहेत. आपण मॅस्टोडॉनवर चार ओळी लिहितो, कुणी पिक्सेलफेडवर फोटो टाकतं, कुणी पीअरट्यूबवर व्हिडिओ, कुणी लेमीवर वाद घालतं. प्रत्येकाचा कारभार वेगळा, तरी इथे बसून तिथल्या माणसाला उत्तर देता येतं. आपले सर्वांत ज्येष्ठ सभासद नाना, त्यांना संघमित्रानं हे समजावलं होतं. "नाना, प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक सोसायटी. सेक्रेटरी आपापला, येणं-जाणं सगळ्यांकडे." नाना म्हणाले, "म्हणजे भांडणंही सगळ्यांशी?" ती म्हणाली, "हो ना. मला त्याचसाठी ठेवलंय."

व्यवस्थापकाचं ते काम तिनं कालपर्यंत मरोळची नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता केलं. शिवीगाळ आली की काढायची. ज्या सर्व्हरवरून आली, त्याच्या चालकांना कळवायचं. त्यांनी दाद दिली नाही, तर त्या सर्व्हरशी जोडणी तोडायची, म्हणजे तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे दिसणं बंद. हा अधिकार व्यवस्थापकाला एकटीला आहे. मात्र एक नियम तिनंच घालून घेतला होता. प्रकरण स्वतःचं असेल, तर निर्णय व्यवस्थापकानं घ्यायचा नाही, कार्यकारिणीनं घ्यायचा. चांगला नियम आहे. आपण टाळ्या वाजवून तो मंजूर केला.

मग 'कवडसा'चं प्रकरण झालं. 'कवडसा' हा फोटोंचा सर्व्हर आपल्यापैकी बहुतेकांच्या आवडीचा. आरेतले पक्षी आपण तिथेच ओळखायला शिकलो. त्याच 'कवडसा'वरची काही बिननावाची खाती संघमित्राच्या प्रत्येक पोस्टखाली लिहू लागली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिनं आईचा फोटो टाकला होता, तिथून सुरुवात झाली. काय लिहिलं होतं, ते मी या सभागृहात वाचणार नाही. आधी आडनावावरून, मग नोकरी कशी मिळाली यावरून, मग आईवरून. एक खातं बंद केलं की दुसरं हजर. 'कवडसा'च्या चालकांना कळवलं, तर म्हणाले, आमच्याकडे थट्टामस्करी चालते.

नियमाप्रमाणे विषय कार्यकारिणीपुढे आला. तांत्रिक माहिती द्यायला मीही होते. कुंदाताई म्हणाल्या, "अगं, माझी नणंद आहे तिथे. कसले झकास फोटो टाकते! जोडणी तुटली की तेही गेलं ना?" खरं आहे. जातं. पुन्हा जोडणी केली, तरी तुटलेले फॉलोअर आपोआप परत येत नाहीत. नंदकुमार सरांनी विचारलं, "चार टवाळांसाठी एवढ्या माणसांना वाळीत टाकायचं का?"

संघमित्रानं आवाज चढवला नाही. "सर, वाळीत टाकणं काय असतं, ते माझ्या आजीला माहीत होतं. तिला विहिरीवर येऊ देत नव्हते. मी फक्त आपलं दार लावून घ्या म्हणतेय."

विषय पुढच्या बैठकीवर गेला, त्या बैठकीवरून तिच्या पुढच्या. मधल्या काळात ती तुमच्या-माझ्या तक्रारी रोज निस्तरत होती. मग तिनं राजीनामा दिला. आपण सगळ्यांनी तिला थांब म्हणून किती आग्रह केला! थांबून काय होणार होतं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही.

सर, हे तुमच्या तोंडावर बोलते आहे, पाठीमागे नाही. राग मानू नका.

काल कारभार माझ्याकडे आला आणि संघमित्रा साधी सभासद झाली. सभासदाच्या तक्रारीवर निर्णय घ्यायला व्यवस्थापकाला बैठक लागत नाही. आज सकाळी माझ्या कारकिर्दीतली पहिली तक्रार आली. तक्रारदार, संघमित्रा. म्हणजे सर्वांना मिळणारं संरक्षण मिळवायला तिला आधी पद सोडावं लागलं. आपल्याला हे दिसत नव्हतं का? मी तिला फोन केला. "याच्यासाठी सोडलंस का गं?" ती म्हणाली, "तू आधी तक्रार वाच."

मी वाचली. इथे यायला निघण्यापूर्वी 'कवडसा'शी असलेली आपली जोडणी मी तोडली आहे.

कुंदाताई, नणंदबाईंची तयारी असेल तर त्यांचं खातं दुसऱ्या फोटो सर्व्हरवर हलवता येईल. मी स्वतः बोरिवलीला येऊन हलवून देईन. 'ओसरी'वरच्यांना त्यांना पुन्हा फॉलो करावं लागेल, आणि जुने फोटो मागेच राहतील. नुकसान आहे, ते मी लपवत नाही. माझा निर्णय फिरवण्याचा अधिकारही कार्यकारिणीला आहे. पण ती बैठक भरेल तेव्हा संघमित्रा तिथे नसेल. आज ती समोर आहे.

आपण आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. निर्णयाबद्दल मात्र मी माफी मागत नाही, एक विनंती करते. आता सर संघमित्राच्या खांद्यावर शाल घालतील. ज्यांना 'कवडसा' परत हवा आहे, त्यांनी त्याआधी, तिच्याकडे बघून, हात वर करावा.

मी थांबते.