मामाने भरून दिलेली दाढ

दाताला कॅप बसवायची तर खुशाल बसवा, फक्त मधे माझ्या मामाकडे मुक्काम करू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणच्या डॉक्टरांनी कॅपसाठी माझी दाढ घासून खुंट केली. ठसा घेऊन त्यात प्लॅस्टरचे दात ओतले आणि डब्यात घालून दिले. "उद्या पनवेलच्या लॅबमध्ये द्या, यावरून कॅप बनेल." आता घरी रोह्याला कुठे जा, म्हणून मी पेणलाच मामाकडे राहिलो. मामाचा गणपतीचा कारखाना.

लॅबवाल्याने डबा उघडला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "कॅप कुठल्या दाढेला? सगळ्या शाबूत आहेत."

मी वाकून पाहिलं. खरंच शाबूत, वर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत. घाबरून तोंडात जीभ फिरवली. खुंट जागेवरच होता.

तसाच पेणला परत आलो. मामा एका मूर्तीची सोंड घासत बसला होता.

"मामा, माझ्या डब्याला हात लावलास?"

"व्हय. एक दाढ मोडकी होती, भरून दिली."

"अरे, तीच तर दाखवायची होती."

मामाने कानस खाली ठेवली. "हे बघ भाच्या, माझ्या कारखान्यातून मोडक्या दाताचा फक्त गणपती बाहेर जातो. दुसरा कोण नाय."