अण्णांचं मत हवं होतं

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोणी त्यांचं मत विचारलं की यात काहीतरी डाव असणार असं वाटतं.

मागे बडोद्यातल्या नागरवाड्यात आमच्या घरी एक मुलगी आली, पर्यटनाचा आराखडा करणाऱ्या कंपनीची. सुरुवात ‘केम छो’ने केली आणि दारावरचं आडनाव वाचून मराठीत बोलायला लागली. अण्णा तिथेच सावध झाले.

ती म्हणाली, “काका, जुन्या बडोद्यातून पर्यटकांना पायी फिरवायचंय. पूर्वी रस्ता ऑफिसात बसून ठरायचा. आता आम्ही आधी राहणाऱ्यांना विचारतो. तुमच्या गल्लीतून लोक गेलेले चालतील?”

“तुमचं काय ठरलंय?”

“अजून काहीच नाही. तुम्ही सांगाल तसं.”

“ओटे तोडणार?”

“नाही हो काका, ओट्यांना कोण हात लावतंय?”

“म्हणजे विषय निघालाय.”

मी चहा आणला. मुलीने आमच्या नक्षीदार खांबांचं कौतुक केलं, तर अण्णा म्हणाले, “ते गेल्याच वर्षी बसवलेत.” मी आजेसासऱ्यांच्या वेळच्या त्या खांबाला टेकून उभी राहिले.

शेवटी ती म्हणाली, “काका, निदान हो की नाही एवढं तरी सांगा.”

अण्णा शांतपणे म्हणाले, “तुम्ही आधी ठरवून या. मग आम्ही विरोध करतो.”

बिचारी चहा संपवून गेली.

आता पर्यटक मागच्या गल्लीतून जातात. परवा त्यांचा घोळका बघून अण्णा मला म्हणाले, “बघितलंस? आपल्याला कोणी साधं विचारलंसुद्धा नाही.”