पाण्यातला बांध

मालवणला रफिकच्या बोटीवर गेलतो, ते सांगितलं का तुमाला? रफिक आपल्या जवळा बाजार गावचा. हौशी लोकांना गळानं मासे धरायला खोल समुद्रात नेतो. त्या दिवशी त्याचे अब्बा सोबत होते. सगळा जन्म सोयाबीनमध्ये गेलेला, समुद्र पहिल्यांदाच बघत होते.

सकाळपासून एक मासा लागला नव्हता. रफिकनं निघतानाच मोबाईलवर सॅटेलाईटचा नकाशा घेतला होता. नकाशात गरम पाणी लाल, गार पाणी निळं. "दोन्ही भिडतात तिथं प्रवाह माशांचं खाणं गोळा करतो. तिकडंच जाऊ."

अब्बा म्हणाले, "पाणी ते पाणी. त्याच्यात कुठली आली हद्द?"

तासाभरानं बोट हळू झाली. समोर फेसाची रेघ, नजर पोचेल तिथपर्यंत. अलीकडं पाणी हिरवट, पलीकडं गर्द निळं. अब्बांनी अलीकडं हात बुडवला. रेघ ओलांडल्यावर परत बुडवला.

"इकडं कोमट हाय," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात गळ ताणला अन् ही मोठी सुरमई वर आली. आमी ओरडून राहिलो, पण अब्बा रेघेकडंच बघत होते.

"हा बांध घातला कोणी?"

"कुणीच न्हाई, अब्बा. आज इथं हाय, उद्या सरकून कुठल्या कुठं जाईल."

"रोज सरकतो? अन् कुणाची तक्रार न्हाई?"

"कोण करणार?"

किनारा जवळ आला. रेंज आल्याबरोबर अब्बांनी थोरल्या भावाला फोन लावला. वीतभर बांधापायी दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

"भाईजान, समुद्रातला बांध बघून येऊन राहिलो. रोज सरकतो म्हणे."