कुठे दुखतंय

डॉक्टरांच्या दाराबाहेर मी बाळाला थोपटत बसले होते. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या, आणि धाकटीच्या मांडीवर थोरलीची चिमुरडी पोट धरून.

"डॉक्टरांनी जिथे जिथे दाबून 'इथे दुखतं?' विचारलं, तिथे तिथे 'हो' म्हणाली. त्यांना काही कळेना. थोड्या वेळाने पुन्हा बघतो म्हणालेत."

"घाबरली असेल गं, ताई."

"घाबरत नाही ती. तूच लावलीस ही सवय. गुन्ह्यांच्या मानसशास्त्रात एम.ए. करणार तू, आणि सराव माझ्या लेकीवर."

"उत्तर आपणच सुचवलं की मुलं न केलेलंसुद्धा कबूल करतात. तेवढंच बघायचं होतं मला."

"बघितलंस ना? न फोडलेला आरसा फोडला म्हणाली. वर रडून माफीही मागितली."

"ते खोटं-खोटं होतं, असं नंतर सांगितलं होतं मी तिला."

"तिला काय कळणार त्यातलं? 'हो' म्हटलं की मावशी जवळ घेते, एवढंच कळलं."

"चुकलंच माझं."

"मग आता तूच विचार. काही न सुचवता."

"चिमणे, इकडे बघ. काय होतंय, ते तुझं तू सांग हं मला."

"काय सांगू मावशी? तू सांग ना."