अंड्यामागची मेणबत्ती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मोठी मंडळी, उबवणी केंद्रातले माझे सोबती, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा त्या आपल्या मावशी,

वयानं मीच मोठा, पण सगळ्यांच्या त्या मावशी, म्हणून माझ्याही मावशीच. माझं भाषण शेवटी होतं. मी हट्टानं आधी मागून घेतलं. पुढचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत थोडं बोलायचंय.

मावशींच्या कामाला कँडलिंग म्हणतात. मी इथे ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा विचारलं होतं, "मेणबत्त्याही करता का हो इथे?" मावशी म्हणाल्या, "करतो ना! आधी पेट्या उतरवा, मग वाती वळा." पुढे डिक्शनरीत पाहिलं, तर कँडल म्हणजे मेणबत्तीच! विजेचे दिवे नव्हते तेव्हा अंधारात ज्योतीसमोर अंडं धरून आत जीव आहे का, ते बघायचे. दिवा बदलला, शब्द तोच राहिला.

मावशींचा जन्म त्या अंधाऱ्या खोलीत गेला. अंडं दिव्यावर धरायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं की म्हणायचं, "आहे." ते परत उबेत. नाही दिसलं तर "नाही." ते बादलीत.

यंदा रोग आला. कोंबड्या गेल्या, अंडीही पुरायचा हुकूम निघाला. मावशी ट्रे उचलून खोलीत निघाल्या. साहेब म्हणाले, "अहो, आता निवडून काय करणार? सगळंच खड्ड्यात जायचंय."

"जाऊ दे. पण न बघता कसं टाकू?"

आम्ही दाराबाहेर उभे. आतून आवाज येत होता. आहे. आहे. आहे. अध्यक्ष महोदय, तुम्हीच सांगा, ते ऐकत माणसानं किती वेळ उभं राहावं? एकेक ट्रे त्यांनी स्वतः आणून आमच्या हातात दिला.

मुदतीआधी नोकरी का सोडताय, हे विचारायला परवा त्यांच्या घरी गेलो. म्हणाल्या, "अंधार झाला की त्या शिरा दिसतात हो." सून चहा देताना हळूच बोलली, "काका, आमच्याकडे आता दिवा मालवतच नाही."

आपल्या समितीनं मोठ्या मायेनं एक मेणबत्ती आणलीय. सभागृहात अंधार करून ती पेटवायची आणि मावशींच्या हाती द्यायची, असं ठरलंय. हेतू चांगलाच आहे. पण बटणापाशी उभे असलेले दादा, हात तेवढा खाली घ्या.

मावशी, दिवे चालू आहेत. आम्ही आहोत.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. ठरलेला कार्यक्रम या म्हाताऱ्यानं मोडला, ते पोटात घाला. आणि ती मेणबत्ती खोक्यातच राहू द्या.