दोन रिद्धपूरवाल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भाजीपाला उत्पादक मंडळाचे सर्वांत जुने सभासद माननीय किसनराव, अकोल्याहून आवर्जून आलेल्या प्राध्यापिका दामिनीताई, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले श्याम, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आदरणीय पार्बताबाई, आणि चांदूर बाजार, दर्यापूर अशा ठिकठिकाणांहून तोडणीची कामं सोडून अमरावतीला आलेल्या, भाजी-फुलं पिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मघाशी कुंदन यांनी माझी ओळख करून देताना मला ‘एआय तज्ज्ञ’ म्हटलं. सत्काराच्या दिवशी मोठेपणा नाकारू नये हे मला कळतं. पण दुसऱ्याचा मोठेपणा अंगावर घेऊही नये. तेव्हा माझ्या हातांनी काय झालं, तेवढं सांगतो. चांदूर बाजारातल्या माझ्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानातली लाकडी मांडणी मी स्वतः रंधा मारून केली. भंगारात निघालेल्या दोन टेपरेकॉर्डरचे भाग जुळवून एक चालता टेप तयार केला. तो आजही चालतो, आणि आवाज ओढत नाही. शेतात वारा लागून माइक घरघरू नये म्हणून सायकलच्या सीटमधला स्पंज कापून त्याला टोपी शिवली. कॅसेटी ठेवायला सागाची पेटी केली, बुरशी धरू नये म्हणून तिच्या बुडाला जाळी बसवली. त्या पेटीत काय आहे? आपल्या भागातल्या बाया-माणसांनी वांग्याचं, मिरचीचं, वालाचं बी पिढ्यान्‌पिढ्या कसं राखलं, ते त्यांच्याच तोंडून. ते मात्र मी केलेलं नाही. ते बोलले, मी टेप धरला.

शाळा आठवीपर्यंत. पुढचं जे आलं, ते खोलून, बिघडवून आणि पुन्हा जोडून आलं.

त्या सगळ्या कॅसेटी ऐकून मी कागदावर उतरवल्या. नेम एकच: जसं बोललं तसंच लिहायचं, काना-मात्रा बदलायची नाही. मग ते कागद संगणकात घातले आणि एआयच्या अभ्यास-मदतनिसाच्या हवाली केले. ज्यांनी हे वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही दिलेले कागद तो वाचतो, पिकावार, गाववार लावून देतो, आणि उत्तर दिलं की ते कुठल्या मुलाखतीतून घेतलं, त्याचा क्रमांक शेजारी टाकतो. आमच्या सौभाग्यवती मंजुषाबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “इतके वर्सं लोकायचं ऐकलं, अन् आता लोक काय म्हनले थे मशीनले इचारून राहिले का?” मी म्हटलं, परीक्षा घेऊन राहिलो. बटाट्याविषयी विचारलं. त्यानं सांगितलं, “तुमच्या साहित्यात याविषयी काही आढळत नाही.” खरंच नव्हतं. एवढं वाक्य म्हणायला आपल्यातल्या जाणत्या माणसांना किती वर्षं लागतात, हे अध्यक्षमहाराजांना माहीत आहे.

आता जे सांगायला मी उभा आहे, ते सांगतो.

आपल्याकडे सून घरात आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं आणि माहेरचं गाव आत येतं. कोणी दर्यापूरवाली, कोणी चांदूरवाली. आमच्या वाडीत रिद्धपूरवाली होती. वाडीत सगळे तसंच म्हणत, म्हणून मीही मुलाखतीच्या माथ्यावर तसंच लिहिलं. नेमाप्रमाणे.

मदतनिसाला मी वांग्याच्या बियाविषयी विचारलं. त्यानं फार नीट उत्तर दिलं. रिद्धपूरवालीबाई आधी पिकल्या वांग्याचं बी धुऊन, राखेत घोळवून सावलीत वाळवत. पुढे त्यांचं मत बदललं आणि त्या अख्खं वांगं चुलीवरच्या धुरात टांगू लागल्या. वाचून मला भरून आलं. उतारवयात स्वतःची पद्धत बदलणारी बाई! मी त्यावर पुस्तिकेचं एक प्रकरण लिहिलं. नाव दिलं कैलासवासी जमुनाबाई यांचं. जमुनाबाई म्हणजे आपल्या श्यामच्या मातोश्री; रिद्धपूरवाली म्हणजे त्याच, असं मी धरून चाललो. श्यामनं त्यांचा फोटो मोठा करून आणला, सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणी गेली.

छपाईआधी मजकूर वाडीत वाचून दाखवायचा, ही माझी पद्धत. पार्बताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“धुरातलं वांगं जमुनाचं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग मी कवा मेली गा, श्रावण?”

मी हातातले कागद खाली ठेवले.

“तू माह्या चुलीपाशी बसला होता. डोयात धूर गेला म्हनून टेप बंद केला, डोये धुवाले रांजनापाशी गेला. इसरला? मीबी रिद्धपूरचीच हाव. थे माह्या आंधी आली, मी तिच्या मांगून आली.” लसणाचं सूप त्यांनी बाजूला सारलं. “जमुनाले श्याम हाय बापा, थो तिचं नाव घेईन. मले लेकरू नाई. माह्यं नाव घ्याले हे एक वांगं होतं. थेबी तू तिले देऊन टाकलं.”

सभागृहात त्या बसल्या आहेत, म्हणून त्यांचे शब्द होते तसेच सांगितले.

दोष मशीनचा का? मी त्याला कागद दिला. कागदाला आवाज नसतो. दोन बाया एका नावाखाली मी घातल्या; त्यानं इमानदारीनं त्यांची एक बाई केली, आणि दोघींचं पटत नव्हतं तिथे मत बदलल्याचं लिहून दिलं.

श्यामकडे गेलो. तो रागावला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. “काका, साऱ्यायले सांगून बसलो मी. अन् आता मायचं अर्धं काढून घेता? मशीनचं खोटं, मंग म्हातारीचं खरं काहून?” मी दोन्ही कॅसेटी लावल्या. तो म्हणाला, जुन्या टेपमध्ये सगळ्याच म्हाताऱ्यांचा आवाज सारखा. तेही बरोबर होतं.

मग मी त्याच मदतनिसाला दुसरा प्रश्न टाकला: बोलणाऱ्यानं “हे मला नको, अमकीला विचार” असं कुठे कुठे म्हटलंय, ते काढून दे. हजार पानांत माणसाला हे सापडायचं नाही. त्यानं काढलं. क्रमांक बघून मी ती कॅसेट पेटीतून आणली आणि श्यामसमोर लावली. जमुनाबाई म्हणत होत्या, “धुराचं मले इचारू नोको. थे माह्या मांगून आलेल्या रिद्धपूरवालीले इचार. मले खोकला येते.” आणि खरंच खोकल्या. मागून लहान श्यामला हाक मारली, पाणी आण म्हणून.

श्याम म्हणाला, “पुन्हा लावा.”

पुन्हा लावली. मग तो म्हणाला, “दुरुस्त करा काका. दोघींचे अलग.”

आज दामिनीताईंच्या हस्ते जी पुस्तिका निघाली, तिच्यात जमुनाबाईंची राख आहे आणि पार्बताबाईंचा धूर आहे, दोन प्रकरणांत, दोघींच्या पूर्ण नावांनी. ती दुरुस्ती झाल्यावर, छपाईआधी, मी दारोदार जाऊन प्रत्येक अमकीवालीला तिचं नाव विचारलं. माणिकबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, म्हणाल्या, “लगनानंतर पयल्यांदाच कोनं इचारलं.”

तुमच्याकडेही कागद असतील, फोटो असतील, वडिलांची टिपणं असतील. मदतनीस जरूर वापरा, मी उद्याही वापरणार आहे. पण त्यानं दाखवलेल्या क्रमांकापाशी स्वतः जा. आणि ज्याचं आहे त्याला छापण्याआधी वाचून दाखवा.

मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, किसनरावांनी पाठीवर हात ठेवला, श्यामनं राग गिळून शेजारी बसणं पत्करलं, मंजुषाबाईंनी पेटीसाठी घरातली एकमेव कोरडी खोली सोडली. या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, मागेपुढे झालं असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठून सांगा. क्षमा आत्ताच मागतो. दुरुस्ती लगेच करतो.

एक शेवटचं, कारण बाजारात त्याची चर्चा आहे आणि आकडा चुकीचा फिरतो आहे. मागच्या महिन्यात एका बियाणं कंपनीचे साहेब दुकानात आले होते. त्यांना कॅसेटी, टाइप केलेले कागद आणि मदतनिसात लावलेली सगळी मांडणी हवी होती. अट एक: बायांची नावं काढून द्यायची, पुढे त्यांना कोणाचा हक्क नको होता. पार्बताबाई, तुमच्यासमोर सांगतो. ते अकरा लाख देत होते. मी नाही म्हटलं.