आपल्या पानात आपणच

हॅलो? … हां बाबा, मितालीच बोलतेय… रडत नाहीये हो, आवाज बसलाय. दहा दिवस नारे दिलेत, बसेल नाही तर काय…

नाही. नाही झाले. हरले.

अध्यक्ष भूषण झाला. मल्हारगंजवाला… हो, तोच, डीजे घेऊन कँपसमध्ये फिरत होता तो… किती मतांनी ते राहू द्या ना… बाबा, राहू द्या म्हटलं ना… एका.

एका म्हणजे एका! त्याला चारशे तेरा, मला चारशे बारा… हो, हो, मोजणी परत मागता येते. तेच तर चाललंय इथे. निधी अर्ज घेऊन मला शोधतेय… अहो निधी, माझी इलेक्शन एजंट, आपल्याकडे येऊन पोह्यात वरून शेव मागते ती. पाच वाजेपर्यंत माझी सही पायजे. साडेचार होऊन गेले. आणि मी कुठे आहे? लायब्ररीच्या मागे, सायकल स्टँडवर. लपून बसलेय… हो, हसा. निवडणुका घ्या म्हणून नऊ दिवस धरन्यावर बसलेली क्रांतिकारक मुलगी एका पंक्चर स्कूटीच्या मागे बसलीय.

का म्हणजे? सही करायची नाहीये… कारण मोजणी बरोबर आहे… मला माहितीये बरोबर आहे… कसं ते सांगते. आधी सांगा, फोन स्पीकरवर नाहीये ना? … आई कुठाय? … किचनमध्ये? मग ठीक.

बाबा, मी भूषणला मत दिलं.

हॅलो? … हॅलो बाबा? … नेटवर्क ठीक आहे. तुम्ही नीटच ऐकलंत.

चुकून कसं? अहो, यादीत माझं नाव पहिलं, त्याचं दुसरं. शिक्का हातात घेतला, माझ्या नावावरून पुढे नेला आणि त्याच्या नावासमोर मारला. वर फुंकर पण घातली, शाई पसरून त्याचं मत बाद व्हायला नको म्हणून. मतलब, इतकी काळजी तर त्याच्या आईनं पण घेतली नसती.

का? … तुम्ही विचारताय का? … बाबा, मी लहानपणापासून काय ऐकत आलेय? राजेंद्र नगरच्या गणेश मंडळाचं इलेक्शन. तुम्ही एकीकडे, उन्मेषकाका दुसरीकडे. ‘आपलं मत आपल्यालाच देणं म्हणजे पंगतीत आपल्या पानात आपणच वाढून घेणं. मी समोरच्याला मत दिलं, हरलो, पण मान ताठ!’ पाहुणे आले की हे. श्रीखंड केलं की हे. मामाच्या लग्नात तर त्या बिचाऱ्या भटजींना पण ऐकवलंत… ऐकवलं होतं! मी शेजारी उभी होते.

मला वाटलं, ही आपल्या घरची रीत आहे. पणजोबा होळकरांच्या कचेरीत होते, आपण असं हपापल्यासारखं करत नाही… मग? कोणत्या पुस्तकात वाचायला जाणार होते मी?

भूषण? तो सकाळी पहिल्या नंबरला आत गेला, बाहेर येऊन सगळ्यांना बोट दाखवलं, “भिया, अपन ने तो अपने को डाल दिया, अब तुम देखो!” आणि मी, बाबा, मी त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात म्हटलं, काय हा, काही संस्कार? … हो. आता संस्कार माझ्याकडे आहेत, खुर्ची त्याच्याकडे.

आणि समोर भिंतीवर माझंच पोस्टर आहे. फोटोत माझा एक डोळा मिटलेला. खाली काय लिहिलंय माहितीये? ‘हर एक वोट क़ीमती है’… मीच लिहिलं होतं.

अहो, माझं जाऊ द्या. मी काय, उद्या दुसरं काहीतरी घेऊन धरन्यावर बसेन. पूर्णिमाचं काय? … मानपुरची पूर्णिमा, आलीय ना आपल्याकडे. त्यांचं प्रॅक्टिकल सहापर्यंत चालतं आणि तिची शेवटची बस साडेपाचला. दर वेळी अर्धं टाकून पळते, मार्क कापतात. मी तिला वचन दिलं होतं, निवडून आले की पहिलं काम प्रॅक्टिकलची वेळ. आज सुट्टी होती तिला. तापात आलीय बाबा, दोन बस बदलून, मला एक मत द्यायला. आणि मी तिच्या पाठोपाठ आत जाऊन ते एक मत पुसून टाकलं… रडत नाहीये म्हटलं ना!

हो, गुप्त मतदान आहे. कुणाला कळणार नाही. तेच तर वाईट आहे.

बाबा? … तुम्ही बोललात तरी चालेल. ‘मान ताठ’ म्हणा काहीतरी…

काय? … जरा परत बोला.

स्वतःला?

तुम्ही… स्वतःला दिलं होतं? … मग उन्मेषकाकांना दिलं ते काय होतं? … हरल्यावर तसं बोलून गेलात? … आणि मग एकदा सांगितलं, लोकांना आवडलं, म्हणून… तीस वर्षं? बाबा!

थांबा, थांबा. किती मतं पडली होती तुम्हाला? … सांगा ना. मी सांगितलं ना माझं… एक?

म्हणजे तुमचंच! आपल्या पानात आपणच वाढून घेतलंत, आणि तरी उपाशी उठलात… पण आई पण मेंबर होती ना मंडळाची? … फोन द्या तिला… द्या, बाबा.

हां आई. ऐकलंस ना सगळं? … दारातच उभी होतीस, वाटलंच. तू कुणाला मत दिलं होतंस गं त्या वेळी? … उन्मेषकाकांना? … का? … बाबाच म्हणाले होते? आदल्या दिवशी? ‘घरच्यांनीही आपल्याला वाढू नये’? … आणि तू ऐकलंस? अगं, आजवर त्यांचं एक तरी ऐकलंस का? नेमकं तेवढंच ऐकायचं होतं?

… नको हसवू, आई. इथे कुणाला आवाज ऐकू आला तर पकडले जाईन… दे त्यांना.

बाबा… नाही, रागावले नाही. खरंच. थोडी रागावलेय. घरी आल्यावर बघू… अर्जावर सही? नाही करणार. निधी चिडेल, चिडू दे. खोटी आशा कशाला लावू सगळ्यांना.

अरे यार… पूर्णिमा येतेय इकडे. पाहिलं तिनं मला. हातात दोन कचोऱ्या आहेत, मला समजवायला आणल्या असतील. स्वतः तापलीय आणि…

हो. सांगणार आहे तिला… नाही बाबा, ‘शिक्का सरकला’ असं नाही. जसं झालं तसंच… बोलणार नाही ती माझ्याशी कदाचित. माहितीये.

पण मी तीस वर्षं नाही थांबणार. तिची बस साडेपाचची आहे. ठेवते.